पाला जरा कापून घेऊन आलो

सांगली-मिरज-कुपवाड या जोडनावात कुपवाडचा नंबर शेवटचा. सांगलीला हळदीची पेठ आणि गणपती, मिरजेला सतारी, दवाखाने आणि रेल्वेचं जंक्शन. कुपवाडला एमआयडीसी. १९९८ साली तिघांची मिळून महापालिका झाली, म्हणून निदान पाटीवर तरी नाव लागलं. माझ्यासारख्या मिरजेत वाढलेल्या मुलीला कुपवाड म्हणजे कुणाचे तरी वडील सकाळी डबा घेऊन जातात ती जागा, यापलीकडे काही माहीत असायचं कारण नव्हतं.

भाषाविज्ञानाच्या जगात हा क्रम उलटा लागतो. तिथे सांगली कुणी ऐकलेली नसते, मिरज तर नाहीच. कुपवाड ऐकलेलं असतं. दोन भाषा शेजारी नांदल्या की एकमेकींचं काय करतात, हा विषय जिथे शिकवला जातो तिथे पहिल्या चार-सहा उदाहरणांत हे गाव येतं. फक्त नावाचा शेवट इंग्रजीत ‘र’ने लिहिलेला असल्यामुळे परदेशातली मुलं त्याला ‘कुपवार’ म्हणतात, आणि इंटरनेटवर शोधायला गेलं की काश्मीरमधलं कुपवाडा वर येतं. पुण्यात एम.ए.च्या वर्गात पाठ्यपुस्तकात हा ‘कुपवार’ वाचताना मीही आधी पुढे सरकले होते. कंसात ‘सांगली जिल्हा’ दिसलं तेव्हा परत मागे आले.

ज्या लेखामुळे हे झालं तो १९७१ सालचा. लेखक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन. लेख ज्या ग्रंथात आला त्याचा संबंध जमैकाशी. डेल हाइम्स यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९६८ साली तिथल्या मोना इथे भरलेल्या परिषदेतून निघाला. विषय होता पिजिन आणि क्रिओल भाषा, म्हणजे मळ्यांवर, बंदरांवर, गुलामांच्या वस्त्यांत, एकमेकांची भाषा न येणाऱ्या माणसांनी गरजेपोटी उभ्या केलेल्या भाषा. त्या ऊस-कापसाच्या गर्दीत कृष्णाकाठचं एक गाव जाऊन बसलं. (त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा आणखी एक लेख आहे. त्यात त्यांनी थेट मराठीचीच जन्मकुंडली मांडली होती: मराठीच अशा एखाद्या सरमिसळीतून निघाली असेल का? तो वाद मोठा आहे आणि मराठी माणसाला त्यात हमखास राग येतो. तो वेगळा लेख होईल.)

गम्पर्झ-विल्सन यांनी पाहिलेलं कुपवाड साधारण ३००० वस्तीचं. जमिनी बहुतेक जैनांच्या, त्यांची घरची भाषा कन्नड. लिंगायत कारागीर, तेही कन्नड. मुसलमान, काही जमीनदार, घरी उर्दू, म्हणजे आपण जिला दखनी म्हणतो ती. गावातले दलित आणि भूमिहीन मजूर यांची भाषा मराठी. शिवाय दोरखंड वळणारी थोडी तेलुगू कुटुंबं. एवढ्याशा गावात चार भाषा, आणि त्याही आजकालच्या नव्हेत, कित्येक शतकं शेजारी राहिलेल्या. गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला दोन-तीन तरी येत. ‘पुरुषाला’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत यावं लागेल.

आता ते वाक्य. भाषासंपर्काच्या पुस्तकांतून पन्नास वर्षं फिरतंय. कुणीतरी थोडा पाला कापून आणला, एवढंच त्यात आहे.

कुपवाडच्या उर्दूत: पाला जरा काट के ले के आया.
कुपवाडच्या मराठीत: पाला जरा काप-ऊन घे-ऊन आलो.
कुपवाडच्या कन्नडात: तपला जरा खोड-इ तगोंड-इ बैन्.

एकाखाली एक ठेवून वाचा. शब्दाखाली शब्द येतो, हे तर आहेच. पण प्रत्ययाखाली प्रत्ययही येतो. ‘काट’च्या खाली ‘काप’, त्याखाली ‘खोड’. ‘के’च्या खाली ‘ऊन’, त्याखाली ‘इ’. ‘जरा’ तर तिघांत तोच. एकाच मापावर बेतलेले तीन सदरे, कापड तेवढं वेगळं. आणि यातली कन्नड ही वेगळ्याच कुळातली, द्राविडी. बाकीच्या दोघी तिच्या कुणी लागत नाहीत. गम्पर्झ-विल्सन यांचं म्हणणं असं, की कुपवाडच्या माणसाला भाषा बदलताना वाक्य नव्याने बांधावं लागतच नाही. बांधणी डोक्यात एकच असते, वरचे शब्द काढून दुसरे घालायचे.

पुण्याची मराठी घेतली तर ‘मी थोडा पाला कापून आणला’ असं होईल. ‘आणला’ म्हटलं की क्रियापद पाल्याकडे बघतं: पाला आणला, भाजी आणली, गवत आणलं. ‘घेऊन आलो’ म्हटलं की ते बोलणाऱ्याकडे बघतं, पाला असो की भाजी. कन्नडात क्रियापद असंच बोलणाऱ्याकडे बघतं, कर्माची ते पर्वा करत नाही. कुपवाडच्या उर्दूनेही हाच रस्ता धरला. ‘मैंने’मधला ‘ने’ गेला, आणि क्रियापद कर्त्यामागे चालायला लागलं.

लिंगाचंही तेच. मराठीत दगड तो, भिंत ती, झाड ते. का, ते विचारायचं नाही. कन्नडात हा त्रास नाही. माणूस पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, बाकी सगळी सृष्टी नपुंसक. कुपवाडात उर्दूनं आणि मराठीनं ही सोय उचलली. पूर आला की आपण ‘नदी आली’ म्हणू. तिथल्या उर्दूत ‘नदी आया’. देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पुस्तकी कन्नडात ‘हे आमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, ‘आहे’ लागत नाही. कुपवाडची कन्नड मात्र शेवटी ‘ऐति’ जोडते, मराठीच्या ‘हाय’सारखं आणि उर्दूच्या ‘है’सारखं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतला भेद उर्दूनं घेतला, जो दिल्ली-लखनौच्या उर्दूला ठाऊक नाही. गंमत अशी, की हा भेद मराठीत मुळात द्राविडी शेजारामुळे आला असं मानतात, आणि आजच्या पुस्तकी कन्नडात तोच उरलेला नाही. देणाऱ्याच्या घरातून वस्तू गेली, घेणाऱ्याकडे राहिली, आणि त्यानं ती तिसऱ्याला दिली.

हे वाचल्यावर कान बदलतात. आमच्याकडे ‘काय करायलाईस?’ असं विचारतात, ‘जेवायलोय’ असं सांगतात. करायला लागलोय, जेवायला लागलोय, याचं ते आटलेलं रूप. म्हणजे ‘लागणे’ या क्रियापदावर आम्ही चालू काळ उभा केलाय. उत्तर कर्नाटकातला माणूस ‘माडाकत्तीनि’ म्हणतो. त्यात ‘माडु’ म्हणजे करणं, आणि ‘हत्तु’ म्हणजे चिकटणं, लागणं, सुरू करणं. तोही ‘करायला लागलोय’च म्हणतोय. मिरज स्टेशनवर बेळगावकडच्या गाडीची वाट बघत बसलं की दोन बाकांवर एकच व्याकरण दोन भाषांत ऐकू येतं. मिरजेच्या कानाला ते इतकं सवयीचं, की पुण्याला गेल्याशिवाय वेगळं वाटत नाही.

पुण्यात मला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलं ते ‘मी येतो’वरून. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका, मुली, म्हाताऱ्या सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो गं’ म्हणतात. होस्टेलच्या जिन्यात मी ‘आलो आलो’ ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘कोण मुलगा आलाय?’ विचारायचं. त्याला रांगडेपणा म्हणतात, पोरगेलेपणा म्हणतात, सिनेमात विनोदाला वापरतात. कन्नडात ‘मी येते’ आणि ‘मी येतो’ यांत फरकच नाही. प्रथमपुरुषी क्रियापद बाई-पुरुष बघत नाही. या दोन गोष्टींचं नातं असावं असं मला वाटतं, आणि असं वाटणारी मी पहिली नव्हे.

गम्पर्झ-विल्सन यांनी ज्यांच्या भाषा मोजल्या ते पुरुष होते, कारण बाजारात, शेतावर, चावडीत भाषा बदलत फिरायचं काम पुरुषांचं. पण ‘मी येतो’ म्हणणाऱ्या बायका काही चावडीवर बसत नव्हत्या. हे व्याकरण त्यांच्यापर्यंत पोचलं ते कुठल्या वाटेनं? विहिरीवर, भांगलणीला, बांगड्या भरताना? दुसऱ्याच्या रानात रोजंदारीनं जाणाऱ्या बाईला मालकिणीची भाषा कळल्याशिवाय चालत नसणार, आणि मालकिणीलाही तिची. तो अर्धा भाग त्या लेखात नाही.

जॉन गम्पर्झ यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कुपवाड त्यांना का दिसलं ते त्यातून कळतं. जर्मनीतल्या हाटिंगेन गावी १९२२ साली ज्यू घरात जन्म. हिटलरच्या काळात देश सुटला, अमेरिकेत पोचले, पदवी घेतली रसायनशास्त्रात. मग भाषेकडे वळले आणि १९५४ साली मिशिगनमध्ये डॉक्टरेट केली ती तिथे स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या स्वाबियन बोलीवर. तिथून भारत: उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातलं खलापूर गाव. पुढे बर्कलेला प्राध्यापक. २०१३ साली वारले. स्वतःच्या गावची भाषा मागे टाकून आलेला माणूस आयुष्यभर गावांच्या भाषा ऐकत राहिला.

खलापूरचं त्यांचं काम १९५८चं आणि माझ्या मते कुपवाड समजायला तेच आधी वाचावं. तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींची बोली बाकी गावापेक्षा वेगळी होती. सरळ विचार केला तर असं व्हायला नको; ही माणसं रोज सवर्णांच्या घरी, शेतावर राबत होती, दिवसभर त्यांचं बोलणं कानांवर पडत होतं. गम्पर्झ यांनी पाहिलं, की कामापुरत्या संबंधानं बोली एक होत नाही. पोरं कुणाबरोबर खेळतात, माणसं कुणाच्या ओट्यावर बसून वायफळ गप्पा मारतात, यावर ती ठरते. तिथे जात आडवी होती, म्हणून बोलीही तुटलेली.

हे मनात ठेवून कुपवाडकडे आलं की ती तीन वाक्यं वेगळी दिसायला लागतात.

आपल्याकडे कुपवाडची गोष्ट सांगायची तर एकोप्याची म्हणून सांगितली जाते. व्याख्यानांत मी ती तशी ऐकली आहे: पहा, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित, सगळ्यांचं व्याकरण एक झालं, अशी आपली संस्कृती! टाळ्या पडतात. पण जर इतका एकोपा होता तर भाषा चार का उरल्या? शतकानुशतकं एका गावात राहून, वाक्यरचना, लिंग, प्रत्यय सगळं एक करूनही या लोकांनी शब्द मात्र एकमेकांत मिसळू दिले नाहीत. लेखात याचं उत्तर आहे आणि ते गोड नाही. घर वेगळं होतं. सोयरीक वेगळी, चूल वेगळी, देव वेगळा, आणि घरातली भाषा ही त्या वेगळेपणाची खूण होती. कन्नड बोलला तर तो जैन किंवा लिंगायत, उर्दू बोलला तर मुसलमान. शेतात, बाजारात, पाळीवर, कर्ज काढताना लोक एकमेकांना रोज भेटत, म्हणून व्याकरण झिजून एक झालं. संध्याकाळी उंबरा ओलांडला की जो तो आपापल्या भाषेत परत जाई, म्हणून शब्द टिकले. एकीकडून व्यवहार आणि दुसरीकडून जात, या दोन्हींच्या दाबाखाली ती तीन वाक्यं इतकी सारखी आणि इतकी वेगळी झाली. मला त्यात शेजारधर्म दिसतो तेवढंच अंतरही दिसतं. दोन्ही एका वाक्यात इतकं स्वच्छ मला इतरत्र कुठे दिसलेलं नाही.

आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक जैन कुटुंब होतं. त्यांच्या आजीला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांशी आईचं दिवसातून चार वेळा बोलणं व्हायचं, सगळं मराठीत, कोथिंबिरीपासून कुणाच्या तरी जावेच्या बाळंतपणापर्यंत. मधली भिंत मातीची. भिंतीपलीकडे अक्का सुनेशी बोलायच्या ते कन्नड, आणि त्याचा सूर तोच, थांबण्याच्या जागा त्याच, फक्त शब्द कळायचे नाहीत. इतकी वर्षं शेजार असून त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी गेले नाही, आणि अक्कांनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही. कांदा-लसूण, सूर्यास्ताआधीचं जेवण, अशी कारणं होती आणि ती खरीही होती. कुणाच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नव्हतं.

लेखातली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला थांबवणारी आहे. जैन शेतकरी आणि मुसलमान शेतकरी एकमेकांशी बोलत ते मराठीत. का? तर मराठी ही त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. कन्नडात बोलायचं तर जैनांच्या अंगणात गेल्यासारखं, उर्दूत बोलायचं तर मुसलमानांच्या. मराठी मधली. पण गावात ती ज्यांच्या घरची भाषा होती ती माणसं होती भूमिहीन मजूर. म्हणजे मराठी सगळ्यांना चालली ती तिच्या मागे गावात ताकद नव्हती म्हणून. गावाबाहेर होती, बाजारात आणि दरबारात. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. गावात मात्र ती कुणावर चढून बसत नव्हती. मराठीचा इतिहास आपण राज्यकर्त्यांच्या आणि संतांच्या बाजूनं सांगतो. कुणालाच न टोचणारी, म्हणून सगळ्यांची झालेली मराठी त्यात सहसा भेटत नाही.

गम्पर्झ पुढे इंग्लंडमध्ये अशाच एका कामात पडले. लंडनच्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय-पाकिस्तानी बायका वाढपाला लागल्या होत्या. तक्रार अशी, की या बायका उर्मट आहेत. तपासलं तर त्या बोलत होत्या एकच शब्द: ‘ग्रेव्ही’. इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ असं शेवटी सूर चढवून विचारते, म्हणजे ‘वाढू का?’. या बायका सूर खाली आणत, कारण आपल्याकडे तसंच विचारतात. समोरच्याला ते ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू येई. मांस, ताटली, शब्द सगळं एक. बिनसलं ते शेवटच्या अर्ध्या सुरावर. कुपवाडात शब्द तिघांचे तीन आणि गैरसमज नाही, हीथ्रोवर शब्द एकच आणि भांडण. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून शिकवली पाहिजेत असं मला फार वाटतं. साहित्याच्या आणि संस्कृती-अभ्यासाच्या वर्गातसुद्धा. तिथे आम्ही ‘संकर’, ‘सीमारेषा’, ‘अस्मिता’ असे जाड शब्द वापरतो आणि एक वाक्य नीट ऐकत नाही.

कुपवाडच्या लेखावर आक्षेप घेतले गेले, आणि ते घ्यायलाच हवेत. पहिला सरळ आहे. कुपवाडच्या उर्दूची तुलना त्यांनी पुस्तकी उर्दूशी केली. पण ‘ने’ गाळणारी, क्रियापद कर्त्यामागे चालवणारी दखनी काही कुपवाडात जन्मली नाही. हैदराबादपर्यंत सगळ्या दख्खनभर ती तशी आहे. मग कुपवाडनं काय घडवलं आणि तिथे येतानाच बांधून काय आणलं, हे वेगळं कसं करायचं? माझ्या ‘करायलोय’चंही तेच. ते फक्त कुपवाडचं नाही, सगळ्या सीमाभागाचं आहे. दुसरी गोष्ट, दोरखंडवाल्यांची तेलुगू लेखाच्या सुरुवातीला येते आणि विश्लेषणात नाही. गावात ज्यांची संख्या कमी, त्यांची उदाहरणंही कमी, हा नियम भाषाविज्ञानालाही लागू दिसतो. तरीही लेख टिकला, कारण अशा प्रकारचं एकीकरण होतं हे नंतर दुसरीकडेही दिसलं. माल्कम रॉस यांनी पापुआ न्यू गिनीतल्या करकर बेटावरच्या ताकिया आणि वास्किया या दोन भाषांत तेच पाहिलं आणि या प्रक्रियेला ‘मेटाटिपी’ असं नाव दिलं: शब्द आपले, साचा शेजाऱ्याचा. तेव्हापासून कुपवाड आणि करकर एका परिच्छेदात येतात.

माझी उत्सुकता मात्र पुढच्या कुपवाडात आहे. गम्पर्झ-विल्सन यांनी पाहिलेलं गाव अगदी उंबऱ्यावरचं होतं. १९५६ साली राज्यांची भाषावार रचना झाली, बेळगाव-विजापूर म्हैसूर राज्यात गेलं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं. ज्या मराठीला गावात मालक नव्हता तिला आता राज्य मिळालं. शाळा तिची, तलाठी तिचा, भरती तिची. कुणाचीच नाही म्हणून जी मधली होती, ती आता सरकारची झाली. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा कुपवाडात गेल्या आणि त्यांचा लेख २०१५ साली आला. पुनर्रचनेनंतरचं हे गाव त्यांनी धर्म आणि भाषा यांच्या अंगानं पाहिलं. गावाला एकदा उदाहरणाचा मान मिळाला की पुस्तकं त्याला १९६०च्या दशकातच उभं ठेवतात. कुणीतरी जाऊन आता काय चाललंय ते विचारलं याचंच मला अप्रूप. महाराष्ट्रातल्या बोलींचं नवं सर्वेक्षणही डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून केलं आहे. त्याची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ घाटगे यांनी मराठी बोलींच्या पुस्तिका काढल्या तेव्हा आवाज कागदावर उतरवून घ्यावा लागायचा; आता आजरा-चंदगडकडची बाई स्वतःच्या आवाजात बोलते. प्रश्नावली बघितली की लगेच दिसतं, त्यांना नेमकं काय हवंय: ‘मी काम केलं’ म्हणता की ‘मी काम केलो’? म्हणजे क्रियापद कामाकडे बघतंय की माणसाकडे? तोच पाल्याचा प्रश्न, सगळ्या राज्याला विचारलेला.

सीमाभागाचं राजकारण मात्र याच्या उलट दिशेनं चालतं. महाजन आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक टप्प्यावर गावाला विचारलं जातं, तुझी भाषा कुठली, एकच सांग. २०२२च्या शेवटी जत तालुक्यातल्या कन्नड गावांवरून दोन्ही राज्यांत ठिणग्या उडाल्या. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं मुख्यतः पाण्याचं होतं, मथळे भाषेचे झाले. जनगणनेच्या रकान्यात मातृभाषा एकच मावते. ‘घरी कन्नड, रानात मराठी, बाजारात दोन्ही, व्याकरण सगळ्यांचं एक’ असं लिहायला जागा नाही.

एक शंका मला बरेच दिवस आहे. व्याकरण एक झाल्यामुळे कुपवाडच्या भाषा इतकी वर्षं टिकल्या असं म्हणतात. मुलाला दुसरी भाषा शिकायला कष्ट नव्हते, मग पहिली कशाला टाकायची? पण तीच गोष्ट उलटी वाचली तर? साचा आधीच एक असेल तर भाषा सोडणंही तितकंच सोपं. काही मोडावं लागत नाही, फक्त शब्द बदलायचे. अक्कांचा नातू आता कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आजी कन्नडात विचारायची, तो मराठीत उत्तर द्यायचा, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही खटकायचं नाही. त्याची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. कन्नड तिला ‘कळतं थोडं’. बाप तिच्याशी मराठी बोलतो, हाताखालच्या बिहारी आणि ओडिया कामगारांशी हिंदी. ती हिंदी मी ऐकली आहे: ‘पार्सल जरा उठा के ले के आ.’ कामगारही आता तशीच बोलतात.

हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. खरंखोटं करायचं तर एका घरातल्या तीन पिढ्यांना तेच वाक्य तीन भाषांत विचारायला हवं, आणि विचारणाऱ्याला कन्नड, मराठी, दखनी तिन्ही घरातल्यासारख्या यायला हव्यात. या वेळी सुरुवात बायकांपासून करावी. अक्कांची सून अजून आहे, सत्तरीची, तिन्ही भाषा येणारी, आणि बोलायला बसली की उठवत नाही. मी तिला सांगून ठेवलंय, दिवाळीत रेकॉर्डर घेऊन येते म्हणून. ‘ये की,’ म्हणाली, ‘पण जेवून ये.’